थोरल्या राणीचं पद

संगीत नाटकावरचा सिनेमा आला की मी पहिल्या आठवड्यात जाऊन बघते, आणि बघताना मनातल्या मनात त्यांना शिव्या घालते. नाटकात एका ऑर्गनवर आणि तबल्यावर जे पद उभं राहायचं, त्याच्यामागं हे लोक चाळीस व्हायोलिनं लावतात. नायिका आलाप घेते बागेत, तान घेते नदीकाठी, आणि समेवर येईपर्यंत बाईची साडी बदललेली! अगं, कधी बदललीस? कुणी नेसवली? नाटकात तीस-पस्तीस पदं असतात, त्यातली सहा-सात ठेवायची आणि बाकीची कात्री लावून टाकायची. वर म्हणायचं, आजच्या पिढीसाठी केलंय.

तरी मला आवडतात हे सिनेमे. खोटं कशाला बोलू? नाटकात पंधराव्या रांगेतून बाईचा शालू दिसायचा आणि हात दिसायचे. सिनेमात चेहरा दिसतो. सूर लागायच्या आधी गळा कसा हलतो, डोळे कसे भरतात, सगळं समोर. आणि अंधारात एकदा का ओळखीचा सूर आला की मी सांगलीतल्या त्या जुन्या नाट्यगृहात जाऊन बसते, मग पडद्यावर काय का चाललेलं असेना.

एकटी जाते. मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा बंगळूरला असतो, रविवारी फोन करतो आणि गोळ्या घेतल्या का विचारतो. विश्रामबागेतल्या माझ्या फ्लॅटमध्ये दुपार फार लांब असते. सिनेमात तीन तास बरे जातात. एकटीनं जाण्यात त्रास कसलाच नाही, फक्त बाहेर आल्यावर बोलायला कुणी नसतं. मनात इतकं साचलेलं असतं, आणि रिक्षावाल्याला सांगून सांगून किती सांगणार? तो म्हणतो, ‘काकू, सुट्टे हायत का?’

आत्ता दिवाळीनंतर जो सिनेमा लागला, तो ज्या नाटकावरून केलाय त्या नाटकात मी काम केलं होतं. नाटकाचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगलीत अजून त्या प्रयोगाला असलेली माणसं आहेत, ओळखतील आणि फोन करत बसतील. एका राजाच्या दोन राण्यांची गोष्ट आहे. धाकटी लाडाची, थोरली बाजूला पडलेली. आमच्या हौशी मंडळानं ते बसवलं तेव्हा धाकटी राणी मी होते आणि थोरली राणी माझी सख्खी थोरली बहीण होती. आक्का म्हणते मी तिला.

चाळीस वर्षं होत आली. मी बाविशीची, अजून लग्न झालेलं नव्हतं. आक्काचं होऊन तीन वर्षं झाली होती, साताऱ्याला दिली होती. आमचे वडील हळदीच्या पेढीवर दिवाणजी. दिवसभर अंगाला हळदीचा वास आणि संध्याकाळी तोंडात नाट्यपदं. दोघी मुलींना त्यांनी एकाच बाईंकडं गाणं शिकायला घातलं. माझा गळा पळायचा, आक्काचा ठरायचा. बाई म्हणायच्या, ‘ही लोकांसाठी गाती आणि ती सुरासाठी गाती.’ मला ते कौतुकच वाटायचं. लोकांसाठीच गायचं असतं की, नाहीतर कशाला गायचं?

आक्काच्या सासरी गाणं-बिणं काही चालत नव्हतं. वाईट माणसं नव्हती, पण सून रंग लावून स्टेजवर उभी राहणार म्हटल्यावर घरात दोन दिवस कुणी बोललं नाही. वडील स्वतः एसटीनं साताऱ्याला गेले, तिच्या सासऱ्यांच्या पुढं हात जोडून बसले. शेवटी ठरलं ते असं, की एकच प्रयोग करायचा. आणि सासूबाई पहिल्या रांगेत बसून बघणार. त्यांना पटलं तर पुढचं बघू. आक्का महिनाभरासाठी माहेरी आली.

थोरल्या राणीला नाटकात एकच मोठं पद आहे, तिसऱ्या अंकात, जवळजवळ शेवटाला. ती राजवाडा सोडून निघते तेव्हाचं. तीन अंतरे, संथ चाल, टाळ्या घ्यायला एकसुद्धा जागा नाही. आक्का पहाटे उठून माजघरात ते घोटायची, आणि मी पांघरूण डोक्यावर ओढून ‘बास की गं आता’ म्हणून ओरडायचे. तालमीत माझा तिसऱ्या अंकातला प्रवेश तिच्या आधी असायचा. माझं पद झालं की मी चहाला. माझं काम झाल्यावर तिथं थांबून करायचं काय, असं मला वाटायचं.

माझं पद अगदी उलटं. धाकटी राणी बागेत येते, ठुमकते, ताना घेते, राजाला चिडवते. वाजवणारा रंगला आणि गाणारी रंगली की लोक खुर्चीत बसत नाहीत असं पद.

प्रयोग रविवारचा, दुपारी चारला. आठ वाजता नाट्यगृह दुसऱ्या कुणाला दिलेलं होतं, म्हणजे साडेसातला पडदा पडलाच पाहिजे. हे आम्हाला सगळ्यांना दहादा सांगितलेलं.

आता वन्स मोअरची गोष्ट ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. संगीत नाटकात पद आवडलं की लोक ओरडतात, ‘वन्स मोअर!’ मग नट हात जोडतो, नाटक तिथंच थांबतं, आणि पद परत. पण ते द्यायचं की नाही हे लोकांच्या हातात नसतं, गाणाऱ्याच्या हातात असतं. ऑर्गनवाला खालून तुमच्याकडं बघत असतो. तुम्ही मान किंचित खाली केली की तो परत सूर धरतो. नुसतंच हसून पुढचं वाक्य घेतलं की नाटक पुढं जातं. इतकं साधं असतं.

मला त्या दिवशी पहिला वन्स मोअर आला. मान खाली केली. दुसरा आला. परत केली, आणि दुसऱ्या वेळी मूळ पदात नसलेल्या ताना घेतल्या. काय लागला होता गळा, काय सांगू! तिसरा आला तेव्हा विंगेतून दिग्दर्शक हातवारे करत होते, ‘पुढं चला, पुढं चला.’ त्यांच्या मागं आक्का उभी होती. जांभळा शालू, कपाळाला चंद्रकोर, आणि शालूच्या निऱ्या एका हातात घट्ट धरलेल्या. मला ती दिसत होती. घड्याळात किती वाजलेत ते मला ठाऊक होतं. मी तिच्याकडं बघितलं आणि ऑर्गनवाल्याकडं बघून मान खाली केली.

चौथ्यांदासुद्धा केली.

सव्वासात झाले. दिग्दर्शकांनी ऑर्गनवाल्याला चिठ्ठी पाठवली, थोरल्या राणीचं पद गाळा, थेट शेवटावर चला. आक्काला ते स्टेजवर पाऊल टाकताना कळलं. ती आली, दोन वाक्यं बोलली, राजाला नमस्कार केला आणि निघून गेली. साडेसातला पडदा पडला. लोक मला बघायला रंगपटात घुसले, मला हार घातले. आक्का कोपऱ्यात बसून खोबरेल तेलानं तोंडाचा रंग काढत होती. तिच्या सासूबाई आत आल्या, सगळ्यांसमोर म्हणाल्या, ‘एवढ्यासाठी महिनाभर माहेरी राहिलीस व्हय?’

आक्का दुसऱ्या दिवशी साताऱ्याला गेली. परत ती कधी गायली नाही. स्टेजवर नाही, घरात नाही, माझ्या लग्नात मुहूर्ताच्या आधी बायकांनी आग्रह केला तेव्हा सुद्धा नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडली नाही. तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे ‘जेवलीस का’, ‘निघालीस का’, ‘पोचल्यावर फोन कर’. चाळीस वर्षं ‘पोचल्यावर फोन कर’!

तर हा सिनेमा. मी पहिल्या दिवशी साडेबाराच्या खेळाला गेले. इरकल नेसले, गजरा माळला. आमच्याकडं नाटकाला असंच जायची पद्धत, आणि मला सिनेमाला जाताना सुद्धा ती मोडवत नाही. मॉलमधल्या सरकत्या जिन्यावर पोरंपोरी माझ्याकडं बघत होती, बघू देत. आत मला धरून मोजून आठ माणसं. खरं सांगते, मी कुठल्याही कलेसाठी-बिलेसाठी गेले नव्हते. माझं पद त्यांनी कसं केलंय ते बघायला गेले होते. ती नवी पोरगी माझ्याइतक्या ताना घेते का ते बघायचं होतं.

सिनेमा चांगला होता. धाकटी राणी झालेली पोरगी देखणी, डोळ्यांत मिश्किलपणा असलेली. मला आवडली. तिसऱ्या अंकाची जागा जवळ आली तशी मी खुर्चीत सरळ झाले. बाग आली. कारंजं आलं. पोरगी ठुमकत आली, सारंगीवर माझ्या पदाची सुरावट निघाली, मी पदर सावरला, श्वास घेतला... आणि ती दोन वाक्यं बोलली आणि निघून गेली.

पद नव्हतंच. कापलं होतं.

मी आजूबाजूला बघितलं. कुणालाच काही वाटलं नव्हतं. माझ्या पुढच्या रांगेतली मुलगी पॉपकॉर्न खात होती. कानशिलं तापली माझी. एवढं गाजलेलं पद, त्याच्यासाठी लोक कोल्हापूर-मिरजेहून यायचे, आणि तुम्ही त्याची दोन वाक्यं करता? मेल्यांनो, आधी सांगायचं तरी! मग त्याच रागात असताना माझ्या लक्षात आलं की दोन वाक्यं बोलून निघून जाणं म्हणजे काय असतं, हे मला आत्ता, बासष्टाव्या वर्षी कळतंय. 

आणि तेवढ्यात थोरली राणी आली. दारात उभी राहिली. चाळीस व्हायोलिनं नाहीत, काही नाही, मागं नुसता तंबोरा. तिनं पद सुरू केलं आणि त्यांनी कॅमेरा हलवलाच नाही. तिन्ही अंतरे, आक्खं पद, एका जागी उभं राहून. पहिला अंतरा मला पांघरुणातून ऐकल्यासारखा ओळखीचा होता. दुसरा मी कधी ऐकलाच नव्हता. तिसऱ्यात ती धाकटीला आशीर्वाद देते, हे मला माहीत नव्हतं. मी त्या नाटकात काम केलं होतं, बाई! महिनाभर तालमी केल्या होत्या. थोरली राणी जाताना मला काय म्हणून जाते, तेच मला माहीत नव्हतं.

पद संपलं आणि मी ओरडले, ‘वन्स मोअर!’

चांगली खणखणीत ओरडले. गळा अजून आहे माझा. बाकीच्या सातही जणांनी मागं वळून बघितलं. पॉपकॉर्नवाली मुलगी हसली, वाईट नाही, आपल्या आजीला हसावं तशी. आणि पडद्यावरची राणी घोड्याच्या गाडीत बसून निघूनसुद्धा गेली होती. सिनेमाला कुठं ऑर्गनवाला असतो? खालून वर बघणारं, मान हलायची वाट बघणारं तिथं कुणीच नसतं. मी अंधारात डोळ्याला पदर लावून बसले.

दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशीही. माझ्या बागेच्या जागेला मी डोळे मिटून बसायचे आणि थोरली आली की उघडायचे. बाहेर आल्यावर ते कुणाला तरी सांगावं असं फार वाटायचं, आणि सांगण्यासारखं माणूस जगात एकच होतं. रोज फोन हातात घ्यायचे आणि ठेवायचे. फोनवर काय सांगणार? ‘आक्का, तुझं पद ठेवलंय त्यांनी, माझं कापलंय.’ चाळीस वर्षांनी हे असं फोनवर? पण तिला ते ऐकवायचंच, हे मी ठरवलं. तिला माझ्या शेजारी बसवायचं, आणि अंधारात का होईना, सांगून टाकायचं की त्या दिवशी तू मला दिसत होतीस. आम्ही काही आता लहान नाही. ती सदुसष्टची, मला रक्तदाब. राहिलं तर राहूनच जाईल.

आठवडा गेला त्या धीर गोळा करण्यात. मग एका सकाळी भडंगाचे दोन पुडे पिशवीत टाकले आणि साताऱ्याची एसटी पकडली. पेठ नाक्यापर्यंत धीर होता. कराडला गाडी थांबली तेव्हा वाटलं इथंच उतरावं आणि परतीची गाडी धरावी. शेजारची बाई विचारत होती, ‘सातारला कोण असतं?’ मी म्हटलं, ‘बहीण.’ ‘मग सारखं जाणं-येणं आसंल?’ मी ‘व्हय’ म्हटलं आणि खिडकीकडं तोंड केलं.

आक्का घरी एकटीच होती. मुलगा-सून कामाला. दार उघडून ती बघतच राहिली. ‘काय गं, न सांगता? कोण गेलं?’

‘कुणी गेलं नाही. आले अशीच.’

‘अशीच?’ तिनं भडंगाचे पुडे घेतले, चहा टाकला. ‘जेवलीस का?’ झालं. मग ती स्वयंपाकघरात खाली बसून सुपातला लसूण सोलायला लागली आणि मी स्टुलावर बसले. खिडकीतून अजिंक्यतारा दिसत होता. दहा मिनिटं आम्ही दोघी लसणावर बोललो. यंदा बारीक निघालाय म्हणे.

शेवटी मी म्हटलं, ‘आक्का, आपल्या नाटकाचा सिनेमा आलाय.’

‘बघितला,’ ती म्हणाली.

‘कुणाबरोबर?’

‘कुणाबरोबर म्हंजे? एकटी गेले. सुनंला सांगितलं दाताच्या डॉक्टरकडं जाते म्हणून.’ तिनं सुरी खाली ठेवली आणि एकदम तिचा आवाज चढला. ‘अर्धाच बघितला. लय राग आला मला. तुझं पद कापलंय गं त्यांनी! ती पोरगी बागेत येती काय, दोन वाक्यं बोलती काय, आणि जातीच की! मी म्हटलं, ह्यांना नाटकातलं काय कळतंय का? त्या पदाला चार वन्स मोअर पडल्यात आमच्याकडं. उठले आणि चालायला लागले. पैसे पाण्यात. दारावरचा पोरगा म्हणतोय, आजी, सिनेमा संपला नाही. मी म्हटलं, माझा संपला.’

ती माझ्यासाठी उठली होती. आणि उठली नसती तर पुढच्या पाच मिनिटांत तिला तिचं पद ऐकायला मिळालं असतं.

‘आक्का, तुझं आहे त्यात.’

‘काय आहे?’

‘तुझं पद. तू उठलीस त्याच्यानंतर लगेच आहे. आक्खं आहे. तिन्ही अंतरे. नुसत्या तंबोऱ्यावर.’

ती माझ्याकडं बघत राहिली. एक पाकळी तिच्या बोटांत तशीच राहिली. म्हणाली, ‘खोटं बोलतीस.’

‘आईची शपथ. चल, आत्ता जाऊ. मी तिकिटं काढते.’

‘परवाच उतरला इथनं. आता कसलातरी मारामारीचा लागलाय.’ मग जरा थांबून, माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, ‘कसं म्हटलंय तिनं?’

‘चांगलं म्हटलंय,’ मी म्हटलं. ‘पण तुझ्याइतकं नाही.’

‘तू कुठं ऐकलंयस माझं?’

रागानं नाही म्हणाली. खरंच विचारावं तसं विचारलं. कुठं ऐकलं होतं मी? पहाटे मी पांघरुणात, तालमीत मी चहाला, आणि प्रयोगात... प्रयोगात मी ते कुणालाच ऐकू दिलं नव्हतं. रडू फुटलं मला. स्टुलावर बसून हमसून हमसून रडले आणि एकदाचं सांगून टाकलं, ‘आक्का, तू विंगेत उभी होतीस ना, ते मला दिसत होतं. मला दिसत होतं आणि तरी मी मान हलवली.’

‘मग? मी काय आंधळी होते?’ ती म्हणाली. ‘तुला दिसत हुतं, ते मलाबी दिसत हुतं.’ पदराला हात पुसले तिनं. ‘आणि काय गायलीस गं त्या दिवशी. तिसऱ्या वेळंला तर मीच विसरले की माझं पद राहिलंय म्हणून. स्टेजवर पाऊल टाकलं तेव्हा आठवलं, मग सासरी सासूबाईंचं तोंड बघून रोज आठवलं. तू कधीतरी येऊन बोलशील म्हणून वाट बघितली. आलीस की नुसती जेवून जायचीस.’

गॅसवर भाताचा कुकर होता. तिनं हात लांब करून गॅस बंद केला, भिंतीला पाठ टेकली, सूप मांडीवरून खाली ठेवलं.

‘गप बस आता,’ म्हणाली. ‘आणि चहाला उठू नको.’

मग ती गायली. चाळीस वर्षांत न गायलेला गळा, दम्याची बाई. मुखड्यातच श्वास तुटला, तिनं खाकरून परत धरला. पहिल्या अंतऱ्यात दोनदा बेसूर झाली आणि दोन्ही वेळा स्वतःच मान हलवली. दुसऱ्यात सूर सापडला. सिनेमातली पोरगी चांगली होती, पण ती राजवाडा सोडून निघाली होती. ही कुठं निघाली नव्हती, लसणाच्या सालपटात बसून होती, आणि तिसऱ्या अंतऱ्याला, धाकटीला आशीर्वाद देताना, तिनं माझ्याकडं सरळ बघितलं.

पद संपलं. खालून भंगारवाल्याची हाक आली. मी डोळे पुसले, श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

आक्कानं लसणाचा हात वर केला.

‘अजिबात न्हाई,’ ती म्हणाली. ‘पुढच्यांची पदं राहत्यात.’

आणि सूप परत मांडीवर घेतलं.